भावजींचे जबडे

माझ्या भावजींना हातात धरून कापलेली वस्तू बघवत नाही. कुणी पाव हातात धरून सुरी चालवायला लागलं, की त्यांचा जीव वरखाली होतो. "अगं, आधी बांध त्याला," म्हणतात. पावाला! घरात स्टूल डुगडुगत असेल तर आपण खाली कागदाची घडी सारतो. भावजी आधी स्टूल उलटं करतात, चारही पाय मोजतात, मग मागच्या शेडमध्ये जाऊन बरोबर तेवढ्या जाडीची लोखंडी चकती करून आणतात. तोवर पाहुणा उभाच.

ते आयुष्यभर मिलिंग मशीनवर होते. मिलिंग मशीन म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगीन. वर दातेरी कटर गरगर फिरतो. खाली लोखंडी टेबल सरकतं. त्या टेबलावर आवळून बसवलेला तुकडा, ज्याला ते जॉब म्हणतात, तो कटरखालून जातो आणि हवा तसा कापला जातो. यातलं कटर फिरवणं काहीच नाही, जॉब धरता आला पाहिजे, हे भावजींचं सगळं तत्त्वज्ञान. जॉब केसभर हलला तर कटर तुटतो, जॉब वाया जातो, आणि दिवसच वाईट असेल तर तो उडून तोंडावर येतो. त्यांच्या हनुवटीवर एक व्रण आहे, तो अशाच उडालेल्या जॉबचा. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, म्हणते, "दाढी करताना कापलं असेल. फुशारकी मारायला काय जातंय!"

निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, पेपर पाठ करतात, सुनेला सल्ले देतात. भावजींनी एक जुनं मिलिंग मशीन आणलं. कुठलंसं वर्कशॉप बंद पडून त्याचा माल निघाला होता. टेम्पोतून ते धूड उतरवताना चार माणसांचे नाकी नऊ आले आणि मागच्या पत्र्याच्या शेडचं दार चौकटीसकट काढावं लागलं. मशीन आलं, पण जॉब धरायचं सामान त्याच्याबरोबर एकही आलं नाही. ना व्हाइस, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा, ना क्लॅम्प, ना टेबलाच्या खाचेत बसणारे नट. ते सगळं कुणीतरी आधीच उचललं होतं. म्हणजे चूल घरात आली आणि भांड्यांचा पत्ता नाही.

"बाजारात मिळेल की सगळं," मी म्हणाले.

भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दुसऱ्याची कवळी लावायला सांगितली होती.

"हे टेबल जुनं आहे. खाचा वेगळ्या मापाच्या आहेत. विकतचं बसणार नाही," ते म्हणाले. आणि मग हळूच म्हणाले, "बसलं असतं तरी मी आणलं नसतं."

खाचेत उलट्या टी-सारखे बसणारे पहिले चार नट त्यांनी नुसत्या करवतीने आणि कानशीने केले. त्या चार नटांच्या जोरावर टेबलावर एक पट्टी आवळली आणि तिचे क्लॅम्प केले. मोडक्या गेटचं लोखंड होतं ते. क्लॅम्पच्या शेपटीखाली ठेवायला पायऱ्या-पायऱ्यांचे ठोकळे केले. मग त्या क्लॅम्पखाली धरून एक व्हाइस केला आणि व्हाइस झाल्यावर त्याचे जबडे करण्याचा सपाटा लावला. जबडे म्हणजे व्हाइसमध्ये जॉबला दोन्ही बाजूंनी दाबणारे दोन ठोकळे. ते काढून दुसरे घालता येतात, हे भावजींना कळलं नसतं तर बरं झालं असतं. गोल जॉबसाठी खाच पाडलेले जबडे, पातळ जॉबसाठी ओठ काढलेले जबडे, ओरखडा चालत नाही अशा जॉबसाठी मऊ ॲल्युमिनियमचे जबडे. एकदा त्यांनी नळाच्या चावीसाठी जबडे केले. चावी दुरुस्त झाली, नळ आजही गळतोय, जबडे मात्र जपून ठेवलेत. भिंतीवर खिळे मारून सगळ्या जोड्या ओळीने टांगलेल्या. शेडमध्ये गेलं की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटायचं.

आणि ताई? ताई पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून कोटांची काजं करायची. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक शिंपी आहे, फक्त कोट शिवतो, म्हणून सगळे त्याला कोटवालाच म्हणतात. त्याच्या दुकानातल्या एकूण एक कोटाची काजं ताईच्या हातची. जाड दोरा मेणावरून ओढायचा, चिरेच्या कडेने टाक्याला टाका लावत जायचं, टोकाला गोल वळण घ्यायचं. "मशीनचं काज म्हणजे काज नव्हे, कोटाला पडलेलं भोक," असं ती गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायची. कोटवाला तिला वचकून असायचा. कापड बेतताना चूक झाली, तर तो आधी मुकाट्याने ते लपवायचा, कारण ताईने पाहिलं की त्याची धडगत नव्हती.

या दोघांचा संसार म्हणजे पुढची खोली आणि मागची शेड. मधल्या बोळातून दोघं जायची-यायची तेवढीच गाठ. भांडणाचं कारण एकच. भावजींच्या चपलांना चिकटून लोखंडाचा बारीक कीस पुढे यायचा आणि ताईच्या कापडात शिरायचा. मग ताई मला सांगायची, "तुझ्या भावजींना सांग, चपला बाहेर काढा." भावजी मला सांगायचे, "तुझ्या ताईला सांग, काढतोच मी." मी दोन गल्ल्या सोडून राहते. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. सगळी हयात लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली, तेव्हा निवृत्तीनंतरही तेच काम मिळालं म्हणून मी तक्रार केली नाही.

एका सकाळी ताईच्या हातून कप पडला. ती वाकून तुकडे उचलायला हात पुढे करू गेली, तर हात आलाच नाही.

अर्धांगाचा झटका डाव्या बाजूला आला होता. जिभेला काही झालं नाही. दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिने नर्सला चादरीची टीप चुकल्याचं सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. पायही हळूहळू आला, काठी घेऊन ती घरात हिंडू लागली. पण डावा हात परत आला नाही. खांद्यापासून लोंबत राहायचा. ती तो उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची, शेजारणीचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा, जरा परक्या मायेने.

मी दिवसभर तिथेच राहायला लागले. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, गोड स्वभावाच्या. रबरी चेंडू ताईच्या डाव्या हातात ठेवायच्या. बोटं जरा थरथरली की "छान! छान!" म्हणायच्या. ताईने घास सांडला नाही, छान. ताईने पदर एका हाताने सारखा केला, छान. मीही म्हणायचे. शेजारीपाजारी म्हणायचे. ताई ऐकून घ्यायची आणि तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

कोटवाला भला माणूस. त्याने एक दिवस एक कोट आणून दिला. "वहिनी, तुमच्या हाताशिवाय होत नाही हो. सवडीने करा." ताईचा चेहरा उजळला. मी समोर बसून दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं आणि ती एका हाताने टाके घालायला लागली. मी ताणलं की ती ओरडायची, सैल सोडलं की ओरडायची. शेवटी काजं झाली. वाकडी झाली होती, हे मलासुद्धा दिसत होतं. कोटवाल्याने कोट हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "छान झालीत. अगदी पहिल्यासारखी."

पुढे काही दिवसांनी ताई काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेली. दुकानाच्या काचेत तोच कोट लावलेला होता. आपण आपलं अक्षर ओळखतो, तशी ताई आपलं काज ओळखते. त्या कोटाची काजं तिची नव्हती. टाके उसवून दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतली होती.

ती दुकानात शिरली नाही, कोटवाल्याला बोलली नाही. घरी आली. सुया, दोरे, मेण, अंगुस्तान सगळं गोळा केलं आणि मला म्हणाली, "कपाटात अगदी वर ठेव. माझा हात पोचणार नाही असं."

"अगं, त्याने मन राखलं तुझं."

"तेच तर. आजारी माणसाचं मन राखतात. पूर्वी माझं काज वाईट झालं असतं तर तो माझ्याशी भांडला असता. आता छान म्हणतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काम करणारी बाई म्हणून मरायचंय गं. आजारी म्हणून नाही."

भावजी दारात उभे होते. दोघींपैकी कुणीच त्यांना पाहिलं नव्हतं. ते वळून शेडमध्ये गेले. थोड्या वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला. मला मनातून राग आला. बायको एवढं बोलली आणि हा माणूस सरळ लोखंडाकडे गेला, म्हणजे काय म्हणायचं!

त्यानंतर भावजी जेवायला यायचे तेवढेच. बरेच दिवस गेल्यावर ते एक चकचकीत वस्तू घेऊन पुढच्या खोलीत आले. चपला बाहेर काढून. तो एक चिमुकला व्हाइस होता, पोलादी, तळहातावर मावणारा. ताईच्या टेबलाच्या कडेला त्यांनी तो घरच्याच क्लॅम्पने बसवला, जबड्यात कापड धरलं, हँडल फिरवलं. मग टेबलाचा कोपरा धरून सगळं टेबल गदागदा हलवून दाखवलं.

"बघ. इकडचं जग तिकडे झालं तरी कापड हलणार नाही."

मी कपाटातून सुई काढून दिली. ताईने दोन टाके घातले आणि कापड सोडवायला सांगितलं. कापडावर जबड्याच्या दातांच्या खुणा उठल्या होत्या.

"अहो, हा कोट आहे. पिंजऱ्यात धरायचा उंदीर नाही."

भावजींनी जबडे बदलून आणले, गुळगुळीत. मग रबर लावलेले. मग आणखी कसलेसे. दर वेळी तेच. कापड गच्च धरलं जायचं आणि ताईची सुई दुसऱ्या-तिसऱ्या टाक्याला अडायची.

"घट्ट होतंय," ताई म्हणायची.

"घट्टच पाहिजे. जॉब हलला की संपलं."

"हललं पाहिजे!"

"हललं नाही पाहिजे!"

मी मध्ये उभी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मधल्या माणसाची गरज पडत नव्हती, पण काय तो आवाज! शेवटी ताईने सुई टेबलावर आपटली.

"बसा इथे. तुम्हीच व्हा व्हाइस."

भावजींनी कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून दोनदा. ताईच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि कापड धरलं. त्यांची बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम. कापड सुटलं तर उडून तोंडावर येईल, अशा तयारीनेच धरलं होतं त्यांनी.

"सोडा," ताई म्हणाली.

"हलेल ना."

"हलू दे की. मी आहे ना इथे. सोडा. आता धरा. इतकं नाही. सोडा. अहो, सोडा म्हटलं ना!"

मी तोंडाला पदर लावून आत पळाले. हसू आवरेना.

पण दुसऱ्या दिवशीही ते बसले आणि तिसऱ्याही. दुपारची जेवणं झाली की शेडला कडी घालून, हात धुऊन, ताईच्या डाव्या बाजूला स्टूलवर. हळूहळू ताईचं 'सोडा, धरा' कमी झालं. मग ते प्रश्न विचारायला लागले. कापडाखालचं बोट काय करायचं? वर ढकलायचं की नुसतं टेकायचं? अंगठा कधी उचलायचा, सुई आत जाताना की बाहेर येताना? ताई चिडायची. "मला काय माहीत? बोटाला माहीत होतं." मग एखादा टाका घालून थांबायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बाहेर येताना. हो, बाहेर येताना उचलायचा." भावजींच्या बोटांना किती वेळा सुई लागली ते त्यांनाच ठाऊक. मिलिंग मशीनवर एवढी वर्षं काढून बोटं शाबूत राहिली आणि आता बायकोने चाळण केली, असं मी म्हणाले, तर दोघंही हसली नाहीत. ऐकलंच नव्हतं त्यांनी. दोन पांढरी डोकी एका चिरेवर वाकलेली होती. मी चहा घेऊन दारात आले होते, तशीच मागे फिरले. मला फार बरं वाटलं, आणि थोडं एकटंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी भावजी टाका चालू असतानाच म्हणाले, "म्हणजे तुझा डावा हात धरतच नाही."

"मग काय करतो?"

"खालून आधार देतो. वरून नुसता टेकतो. आणि सारखा सोडतो."

"हेच सांगतेय ना मी इतके दिवस," ताई म्हणाली. खरं तर तिने असं कधीच सांगितलं नव्हतं.

पुन्हा शेड सुरू झाली. या वेळी व्हाइस नव्हता करायचा. खालच्या बोटाच्या जागी एक पातळ पट्टी, तिच्यात काजापेक्षा जरा लांब फट, म्हणजे सुई आरपार जाईल. वर चामड्याचे दोन अंगठे, हलक्या स्प्रिंगने टेकलेले. आणि टेबलाखाली एक दांडी. उजव्या गुडघ्याने दाबली की अंगठे उचलले जातील आणि ताई उजव्याच हाताने कापड पुढे सरकवील. डाव्या हाताचं काम गुडघ्याला. मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.

पण पट्टीनेच घोळ घातला. एक दिवस भावजी ती हातात घेऊन आले, चपला घालूनच. ताई ओरडायच्या आधी त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. ती मधोमध उचललेली होती, वाळलेल्या पानासारखी.

"मशीनवर सरळ होती गं," ते म्हणाले. "जबड्यात आवळलेली होती तोवर एकदम सरळ. वरून कापली, मापं बरोबर आली. सोडली आणि वाकली. तीनदा केली. तिन्ही वाकल्या."

"मग आवळता कशाला?" ताई म्हणाली. ती दोरा मेणावरून ओढत होती, मानसुद्धा वर केली नाही.

भावजी उभे होते, ते तसेच खाली बसले. मला वाटलं, आता भडकणार. पण ते पट्टीकडे बघत राहिले, मग ताईकडे. "आवळल्यावर ती दबून सरळ झालेली असते," स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मी दबलेली कापतो. मग ती सुटल्यावर आपल्या वळणावर जाते. हे मला माहीत आहे. नवीन पोरांना मीच शिकवायचो हे." आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

ते तडक कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले आणि लाखेचा गोळा घेऊन आले. सोनार नाजूक दागिना लाखेवर बसवून त्यावर काम करतो, तसं. मग शेडमध्ये एक जाड लोखंडी पाट केला. वर उथळ चरे पाडले, टेबलाला आवळायला बाजूने कान ठेवले. पाटाला काय आवळायचं ते आवळा, तो घट्ट आहे. त्याच्यावर लाख वितळवून ओतली, पट्टी नुसती वर ठेवली, वरून काहीही न दाबता गार होऊ दिली. पट्टीला एकही जबडा लागला नाही. मी मुद्दाम बघायला गेले होते. भिंतीवरच्या सगळ्या जोड्या आपापल्या खिळ्यांवर टांगलेल्या होत्या, आणि भावजी श्वास रोखून, कटर जेमतेम टेकवत, पापुद्रा-पापुद्रा काढत होते. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा नाही. की तेव्हा त्यांनी दिसू दिलं नव्हतं?

पाट गरम केला आणि पट्टी सुटली. त्यांनी ती काचेवर ठेवली, बोटाने चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिली. कुठेच टकटक आवाज आला नाही.

चामडं ताईच्या जुन्या पर्सचं घेतलं. त्या दोन अंगठ्यांच्या आतले लोखंडी सांगाडे इतके चिमुकले आणि वाकडे होते की त्यांना धरायला आधी वेगळे जबडे करावे लागले. ते जबडे धरायला व्हाइसमध्ये आणखी एक तुकडा. म्हणजे भिंतीवर नवीन खिळे आलेच. कपाळाला हात लावला मी.

यंत्र तयार झालं त्या दुपारी कोटवाला आला होता. ताईनेच निरोप पाठवला होता, "चिंधी नको, कोटाचं कापड हवंय." तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. काचेतल्या कोटाबद्दल ताईला कळलंय, हे मी त्याला सांगितलं होतं. भावजींनी यंत्र बसवलं, एकदा गुडघ्याची दांडी दाबून पाहिली आणि बाजूला झाले. स्टूलही मागे घेतलं. ताईच्या डाव्या बाजूला आता कुणी नव्हतं.

ताईने कापड ठेवलं. गुडघा दाबला, अंगठे उचलले. गुडघा सोडला, अंगठे टेकले. पहिला टाका. गुडघा, सरकवणं, गुडघा. दुसरा. ती मध्येच थांबायची, खालचा ओठ चावायची, पुन्हा सुरू करायची. गोल वळणापाशी तिला फार वेळ लागला. तिने दोऱ्याची गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि अंगठे उचलून कापड काढलं. सगळं एकटीने. एका हाताने.

तिने ते कोटवाल्यापुढे धरलं.

"छान," कोटवाला म्हणाला आणि लगेच खाली बघू लागला.

माझ्याकडे धरलं. "किती छान गं, ताई!" माझ्या तोंडून निघून गेलं. खरंच सुंदर वाटत होतं मला. तिने स्वतः केलं होतं, आणखी काय पाहिजे?

ताईचा चेहरा तसाच, दगडासारखा. तिने भावजींकडे धरलं.

भावजींनी खिशातून भिंग काढलं, मापं बघायचं. कापड खिडकीपाशी नेलं. उलट करून पाहिलं, सुलट करून पाहिलं. नखाने टोकाचा टाका उचकटून पाहिला. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, म्हणा, छान म्हणा, तुमच्या पाया पडते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

कोटवाला उभाच राहिला. "भावजी!" मी जवळजवळ किंचाळले. "अहो, लाज नाही वाटत? एवढ्या कष्टाने तिने..."

"थांब गं," ताई म्हणाली. "का? कुठे?"

"मधले टाके लांब गेलेत. बाकीच्यांसारखे नाहीत. आणि वळणापाशी हे टोक सुटेल. बटण चार वेळा घातलं की सुटलं."

ताईने कापड घेतलं, भिंग घेतलं आणि बघत बसली. किती तरी वेळ. मग तिने विचारलं, "माझी चूक की तुमच्या यंत्राची?"

भावजी तिच्या शेजारी बसले. दोघांनी पुन्हा पाहिलं. "टाके तुझे," ते म्हणाले. "घाई केलीस. वळणाचं माझं. तिथे डावा अंगठा लवकर उचलतोय, कापड फिरतं."

"मला वाटलंच होतं," ताई म्हणाली. "पण म्हटलं, माझाच हात असेल." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. कप पडला त्या सकाळपासून ती अशी हसली नव्हती. तिने डोळे पुसायच्या भानगडीत न पडता सुईच्या टोकाने टाके उसवायला घेतले, आणि भावजी जमिनीवर बसून अंगठ्याची स्प्रिंग काढायला लागले. "ही जरा मऊ करतो," ते खालून म्हणाले. "करा लवकर," ती वरून म्हणाली, "आणि चपला, चपला काढा आधी!"

कोटवाला केव्हा सटकला ते कळलं नाही. मी तिथेच उभी होते, चहाचे कप गोळा करत. ताईने माझ्याकडे बघितलं, जसं ती दुकानात उगाच घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायची.

"तू जा बरं आता घरी," ती म्हणाली. "आम्हाला काम आहे."

मी कप तसेच ठेवले आणि बाहेर पडले. रस्त्यात मला रडू फुटलं, लहान पोरीसारखं. समोरून दूधवाला सायकल हातात धरून येत होता, तो घाबरून थांबला. "काय झालं? ताई बऱ्या आहेत ना?"

"तिचं काज रिजेक्ट झालं," मी म्हणाले, आणि त्याला काही कळायच्या आत मी हसतच सुटले.